उजव्या हाताचा किल्ला

फोटोग्राफरला माणूस आधी उलटा दिसतो. आताच्या लोकांना हे सांगावं लागतं. आमच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याला मागच्या बाजूने एक दुधी काच असे. डोक्यावर काळं फडकं घेऊन त्या काचेत पाहिलं की समोर खुर्चीवर बसलेला गृहस्थ पाय वर, डोकं खाली असा लटकलेला दिसे. त्याची उजवी बाजू डावीकडे गेलेली असे. तसाच तो नीट करायचा. मान सरळ, टोपी मागे, बाईचा पदर सारखा. सवय झाली की डोकं ते चित्र आपोआप सुलटं करून घेतं. माझं डोकं तर इतकं सरावलं की काही उलटं राहिलं असेल, हे तपासायचंच विसरलं. ते ज्या दिवशी ध्यानात आलं त्या दिवशी सांगायला सुमन नव्हती.

सुमन माझी बायको. गेल्या वर्षी गेली. स्टुडिओचं निम्मं काम तिचं होतं, म्हणून तिच्याशिवाय या धंद्याविषयी लिहिताना हात अडखळतो. फोटो तेव्हा काळेपांढरे निघत आणि लोकांना रंगीत हवे असत. सुमन बारीक कुंचल्याने रंग भरायची. साडी हिरवी, ओठ गुलाबी, दागिने पिवळे. गिऱ्हाईक सांगेल तो रंग ती देई, पण आधी एकदा त्याच्याकडे निरखून बघे.

आमचा स्टुडिओ मंठ्याला, बाजाराच्या रस्त्यावर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मंठा तेव्हा तालुका नव्हता, जालना जिल्हाही झालेला नव्हता. मी बी. ए. झालो होतो, मास्तरकी मिळाली नाही, म्हणून मामाचा कॅमेरा घेऊन बसलो. तरी लोक मला मास्तरच म्हणत.

या धंद्याने मला संशयी केलं. कारण सरळ आहे, आम्ही खोटं विकत होतो. स्टुडिओत एक कोट होता. तो जवळपासच्या गावांतल्या यच्चयावत नवरदेवांनी घातला. एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ होतं, तेही सगळ्यांच्या हातात दिसे. गालावरचा देवीचा वण मी पेन्सिलीने निगेटिव्हवर बुजवत असे. एकदा एका मुलीचा बाप फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "या पोराला पाह्यला मी. पोरगं ठीक हाय. पण कोट कुठं हाय त्याचा?" कोट त्याच्या डोक्यामागे खुंटीला लटकत होता. मी सरकून खुंटीपुढे उभा राहिलो.

अशा उद्योगात माणूस समोर आला की पहिला विचार येतो, याला नेमकं काय लपवायचं आहे? एकदा एक जण म्हैस घेऊन आला. म्हणे, "हिचा फोटो काढा. शिंगं बराबर आली पाह्यजेत." मला वाटलं, चोरीचा माल दिसतोय, फोटो दाखवून मालकी लावणार. मी खोदून खोदून विचारलं. शेवटी तो वैतागला. "मास्तर, म्हैस बहिणीला देऊन राह्यलो. माझ्या मायला हिच्याबिगर करमत न्हाई. फोटो भिंतीला लावतो म्हणलं. तुम्ही काय फौजदार हाव का?" सुमन आतून हसली ते मला ऐकू आलं.

याकूबभाई आला तेव्हाही मी फौजदारच होतो.

याकूबभाई आमच्या गल्लीतला. तरुणपणी मुंबईला गोदीत गेला, तिथून मालवाहू जहाजावर भटारखान्यात लागला आणि मग सात-आठ वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. बायकोने शिवणकाम करून मुलगी वाढवली. एक दिवस तो पत्र्याची पेटी घेऊन एस. टी.तून उतरला. म्हणाला, जहाजावर पोटाच्या दुखण्याने मरायला टेकलो, त्यांनी मला तुर्कस्तानातल्या एका लहानशा दर्यावरच्या गावात उतरवलं. जहाज निघून गेलं. एका खानावळवाल्याने सांभाळलं. तिथे गोरे लोक हवा खायला यायचे, त्यांना गाव दाखवायचं काम मला दिलं. परतीला जहाज मिळेपर्यंत वर्षं गेली.

गावाने ऐकून घेतलं आणि दुसरंच ठरवलं. मुंबईच्या तुरुंगात होता, असं पान-ठेल्यावर लोक खात्रीने सांगत. मी मान हलवत नसे, पण नाहीही म्हणत नसे.

त्याच्या मुलीची, नसीमची, सोयरीक वाटूरला ठरत आली होती. मुलाचे वडील हबीबभाई, वाटूर फाट्यावर त्यांचं सायकलींचं दुकान. माणूस सरळ, पण कानावर आलेलं सोडून देणारा नव्हता. त्यांनी निरोप धाडला: सात-आठ वर्षं कुठे होतात, याचा काहीतरी सबूत दाखवा, मग तारीख धरू. नसीम तेव्हा सुमनकडे रंग भरायला शिकत होती. मी बाहेरच्या खोलीत असताना ती सुमनला म्हणाली, "चाची, सोयरीक मोडली तर मोडू द्या. पण अब्बा झूठे हाएत म्हणून मोडली, तर मंग दुसरं कोण येईल आमच्या दाराला?"

दुसऱ्या दिवशी याकूबभाई माझ्याकडे आला. "मास्तर, एक पडदा बनवून द्या."

पडदा म्हणजे फोटोत माणसाच्या मागे दिसतो तो रंगवलेला कापडी देखावा. आमच्याकडे ताजमहाल होता, आणि एक तळं, ज्यातलं कमळ होडीपेक्षा मोठं होतं.

"कसला पडदा?"

"त्या गावाचा. मी सांगतो, तुम्ही रंगवून घ्या. मंग मी पुढं उभा राहतो. फोटो वाटूरला देतो."

खरंच जाऊन आलेल्या माणसाला रंगवलेला पुरावा कशाला लागतो? माझ्या मनात जेवढा संशय होता त्याच्या दुप्पट त्या एका मागणीने झाला.

"याकूबभाई, हे खोटं होईल."

"गाव खरं हाय. मी खरा हाय. फक्त फोटो काढायचा राहून गेला. तेवढा तुम्ही काढा."

मी नाही म्हणणार होतो. सुमन दारात येऊन म्हणाली, "सांगू द्या हो त्यांना. ऐकायला काय जातं?"

मग तो रोज दुपारी येऊ लागला. दुपारी गिऱ्हाईक नसे. भिंतीला पाठ लावून तो उभा राहायचा, समोर स्टुलावर मी, दारात सुमन आणि तिच्या मागे नसीम. तो सांगायचा.

समुद्राच्या पोटात घुसलेला दगडी किल्ला. पांढरीफेक घरं, निळ्या खिडक्या. डोंगराच्या उतारावर जुन्या काळच्या दगडी पायऱ्या, अर्ध्या गोलात, तिथे पूर्वी नाटकं व्हायची. बंदरावर स्पंजवाल्यांच्या होड्या. बुडी मारून समुद्राच्या तळातून स्पंज काढतात आणि दोरीवर वाळत घालतात. एक आठ पायांचं जनावर धरून दगडावर आपटतात, धोबी कपडे आपटतो तसं, मग भाजून खातात. संत्र्याच्या बागा. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा. आणि हिवाळ्यात उंटांच्या कुस्त्या.

"कुणाच्या?" मी विचारलं.

"उंटांच्या. झुली घालून आणतात. दोन उंट माना अडकवून ढकलतात. सारं गाव बघायला जातं."

"अन् जिंकलेल्या उंटाला फेटा बांधत असतील," मी म्हटलं. सुमनने माझ्याकडे रागाने पाहिलं.

मी त्याला पकडायला बघत होतो. आज विचारलेलंच चार दिवसांनी फिरवून विचारी. सकाळी किल्ल्याची सावली कुठे पडते? संध्याकाळी बोटी कोणत्या अंगाला? त्याची उत्तरं कधी बदलली नाहीत. शब्दही तेच. सुरुवात दरवेळी तीच, "आता माझ्या उजव्या हाताला बघा, किल्ला. डाव्या हाताला, होड्या." मागे भिंत होती, तरी तिथे समुद्र असल्यासारखा तो बोले, पण वळून कधी बघत नसे.

रात्री जेवताना मी सुमनला म्हणालो, "पाठ केलेलं आहे सगळं. खरं आठवणारा माणूस थांबतो, चुकतो, परत सांगतो. हा पोपटासारखा बोलतो."

"तुम्ही दिवसभर काय बोलता?" ती म्हणाली. "मान वर, श्वास धरा, हलू नका. एक शब्द इकडचा तिकडं होत न्हाई. मंग तुम्ही काय फोटो काढल्याचं सोंग करता का? काम होतं ते त्यांचं. रोज सांगायचं."

मला ते पटलं. पटलं म्हणजे, माझा संशय एक पायरी खाली उतरला.

पडदा रंगवणारा पेंटर परतूरला होता. नाटक कंपन्यांचे पडदे करायचा, हात चांगला. मी एस. टी.ने जाऊन त्याला तोंडी सगळं समजावलं. उजव्या हाताला किल्ला, डाव्या हाताला होड्या, मध्ये समुद्र, मागे डोंगरावर पायऱ्या. त्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, मीही नव्हता. समुद्र थोडा गोदावरीसारखा झाला, शहागडला पुलावरून दिसते तशी. पण किल्ला झकास उतरला.

पडदा टांगला तेव्हा याकूबभाई समोर आला आणि त्याचा चेहरा आधी उजळला. मग तो थांबला. पडद्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

"किल्ला…" तो म्हणाला. मग म्हणाला, "काई न्हाई मास्तर. बराबर हाय."

हा क्षण माझ्यातल्या फौजदाराने जपून ठेवला. स्वतःच रचलेल्या गोष्टीत माणूस अडखळला होता.

हबीबभाई बाजारच्या दिवशी आले. नुसता फोटो बघून ऐकणारा तो माणूस नव्हता. म्हणाले, "फोटो नंतर. आधी आम्हाला तोंडानं सांगा, याकूबमियाँ." सोबत त्यांचा मेहुणा होता, बोलका आणि खवचट. दारात बाजाराला आलेली चार-सहा माणसं जमली. नसीम आतल्या खोलीत, दाराची कापडी पडदी थोडी बाजूला.

याकूबभाई पडद्याला पाठ करून उभा राहिला. हात पसरले. "आता माझ्या उजव्या हाताला बघा, किल्ला."

त्याच्या उजव्या हाताला होड्या होत्या.

"अरे, किल्ला तिकडं हाय की!" मेहुणा ओरडला. "मियाँ, सात वर्षं काढली अन् किल्ला कुठल्या बाजूला हाय ते म्हाईत न्हाई?"

लोक हसले. याकूबभाईचा हात तसाच हवेत राहिला. त्याने तो खाली घेतला.

हबीबभाई हसले नाहीत. म्हणाले, "चूक होती माणसाची. एक सांगा, इतकी वर्षं चिठ्ठी का न्हाई धाडली? मुसलमानांचा मुलुख. कुणाकडून उर्दूत चार ओळी लिहून घ्यायच्या."

"तिथं आपली अक्षरं कुणाला येत न्हाईत, भाई. इंग्रजीसारखी अक्षरं लिहितात."

"घ्या!" मेहुणा म्हणाला. "मशीद हाय, अजान हाय, अन् अक्षरं साहेबाची!"

"बरं, तिथली जबान बोलून दाखवा," हबीबभाई म्हणाले. "सात वर्षांत शिकला असाल."

याकूबभाई धडाधड बोलू लागला. साबणाला साबून. पडद्याला पेर्दे. दुकानाला दुक्कान. मैदानाला मेयदान. बाजाराला पाझार. हमालाला हमाल. हिशेबाला हेसाप.

आता हसणं आवरेना. मेहुणा तर खांबाला टेकला. "ही तुर्की का? ही तर आमच्या मंठ्याच्या बाजारात हमाल बोलतो ती! मियाँ, जरा वेगळं तरी जोडायचं!"

याकूबभाईने शेवटचा उपाय म्हणून खिशातून एक निळा काचेचा मणी काढला, वर पांढरा डोळा. तिथे नजर लागू नये म्हणून दारावर, लेकरांना, गाढवांना बांधतात, म्हणाला.

"हा बैलाच्या गळ्यातला मणी हाय," दारातून कुणीतरी बोललं. "पोळ्याला आमच्याकडं ढीग असतो."

हबीबभाई उठले. उभं राहून त्यांनी पायात चपला सरकवल्या. मला वाटत होतं तेच झालं होतं, आणि तरी बरं वाटत नव्हतं. आतली पडदी सोडल्यासारखी खाली पडली.

तेव्हा सुमन पुढे आली. हातात रंगाचा कुंचला तसाच. इतक्या पुरुषांत बोलायची तिची रीत नव्हती.

"हबीबभाई, एक विचारू? तुम्हाला थाप मारायची असती, तुर्की म्हणून, तर तुम्ही काय बोलला असता?"

"मी कशाला थाप मारू, ताई?"

"समजा."

मेहुण्यानेच उत्तर दिलं. "काहीतरी अगडबगड. फटाक फुटूक."

"तेच म्हणते मी. खोटं बोलणारा तुम्हाला न कळणारं बोलला असता. कोण तपासणार होतं? यांनी तुम्हाला पकडता येतील असे शब्द सांगितले. जो थापा मारतो तो असा सापडायला येत न्हाई. उंटांच्या कुस्त्या कुणी जुळवून सांगंल का? जुळवायचं तर हत्ती सांगितला असता."

बाहेर रस्त्यावर कुणी तरी वांगी वांगी ओरडत गेलं. हबीबभाई सुमनकडे बघत होते, मग आतल्या पडदीकडे. चपला काढून ते परत आत आले.

"मास्तर," ते म्हणाले, "फोटो काढा. अन् मलाबी उभं करा."

"तुम्हाला?"

"हां. याकूबमियाँच्या बाजूला. वाटूरला कुणी विचारलं तर सांगंन, मी सोबत होतो."

मी फडक्याखाली गेलो. काचेवर दोघे उलटे लटकलेले होते, वर पाय, खाली डोंगर. मी नेहमीचं म्हटलं, मान वर, श्वास धरा, हलू नका. याकूबभाईने हात सरळ खाली धरले होते.

लग्न झालं. नसीम वाटूरला सुखाने नांदली, सासऱ्याच्या दुकानाची पाटी तिनेच रंगवली. पण याकूबभाई त्यानंतर त्या गावाबद्दल कधी बोलला नाही. लोक त्याला "तुर्की" म्हणून हाक मारत, उंटाची कुस्ती कधी आहे विचारत. तो हसून पुढे जाई. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. मलाच आता किल्ला कुठं होता ते नक्की आठवत न्हाई." तो गेल्यालाही बरीच वर्षं झाली.

सुमनने मात्र मला एकदा चकित केलं. म्हातारपणी, अंगणात बसलो असताना, मी म्हणालो, "तुझ्यामुळे त्या याकूबभाईवर माझा विश्वास बसला."

ती म्हणाली, "माझा न्हाई बसला कधी."

"म्हणजे?"

"शब्दांचं मी म्हणाले ते त्या वेळी सुचलं. पण किल्ला, हो? ज्या माणसानं रोज किल्ला दाखवला त्याला बाजू कशी कळंना? ते मला आजवर सुटलं न्हाई."

"मग बोललीस कशाला?"

"नसीमनं पडदी सोडली ना, तेव्हा तिचा हात दिसला मला. बोटांना गुलाबी रंग लागलेला होता." एवढं बोलून ती आत गेली.

तेव्हापासून माझा संशय जुन्या जागी येऊन बसला, आणि आता तो दोघांचा होता.

सुमन गेल्यावर पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि मी घरात पुस्तकं उघडून तेच पान बघत बसू लागलो. मुलीला ते बघवेना. तिने मला गाडीत घालून दौलताबादला नेलं. किल्ल्याच्या पायथ्याशी एक गाइड पंधरावीस माणसांना घेऊन उभा होता. किल्ल्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. पाठ केलेल्या आवाजात म्हणाला, "आता उजव्या हाताला बघा, मिनार."

मी उजवीकडे पाहिलं. तिथे आइस्क्रीमची गाडी होती.

"काका, तिकडं न्हाई," तो म्हणाला. "माझ्या उजव्या हाताला. मी तुमच्याकडं तोंड करून उभाय ना!"

लोक हसले. मीही हसलो असेन. मुलगी मला पुढे घेऊन जात होती आणि मला पायऱ्या दिसत नव्हत्या. जो माणूस वर्षानुवर्षं किल्ल्याकडे पाठ करून लोकांना किल्ला दाखवतो, तो आपला हात सांगतो. बघणाऱ्याचा डावा असतो तो. उलटा पडदा मी रंगवून घेतला होता, उजवं-डावं ज्याला कळलं पाहिजे त्या माणसाने. याकूबभाईने पडदा पाहिला त्या क्षणी त्याला ते दिसलं होतं. पण त्या वेळी पडदा चुकलाय म्हणाला असता, तर मी काय समजलो असतो, हे त्याला नीट माहीत होतं. लोकांसमोर मात्र हात पसरले आणि पाठ झालेलं वाक्यच तोंडातून गेलं.

घरी येऊन जुनी पेटी काढली. ती निगेटिव्ह अजून चांगली आहे. सकाळच्या उजेडात खिडकीशी धरली. याकूबभाई, हबीबभाई, मागे समुद्र, किल्ला चुकीच्या बाजूला. मग ती पालटून धरली. दोघांच्या सदऱ्यांचे खिसे दुसऱ्या अंगाला गेले, हबीबभाई इकडचे तिकडे झाले, आणि किल्ला याकूबभाईच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला.

"अगं, हे बघ," मी म्हणालो आणि दाराकडे वळलो.